बातम्यांतला परका आवाज

शनिवार, २६ नोव्हेंबर १९७७. इंग्लंडच्या दक्षिण भागात संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटे झाली आहेत. तिकडे त्या दिवसांत चारच्या सुमारास सूर्य मावळतो. तेव्हा बाहेर काळोख, थंडी, आणि घरोघर मंडळी टेलिव्हिजनसमोर बसलेली. ‘सदर्न टेलिव्हिजन’ या प्रादेशिक केंद्रावरून लंडनच्या बातम्या चालू आहेत. अँड्र्यू गार्डनर हे ओळखीचे वृत्तनिवेदक बातम्या देत आहेत आणि विषय आहे ऱ्होडेशियातल्या लढाईचा. ऱ्होडेशिया म्हणजे आजचा झिम्बाब्वे. एवढ्यात पडद्यावरचं चित्र थोडं थरथरतं, एक खोल घरघर ऐकू येते आणि बातम्यांचा आवाज नाहीसा होतो. चित्र मात्र जागच्या जागी आहे. बातम्या दिसत आहेत, पण बोलतो आहे दुसराच कोणी.

हा दुसरा कोणी आपली ओळख करून देतो. आपण ‘अश्तार’ नावाच्या आकाशगंगेतल्या दलाचे प्रतिनिधी आहोत, आपलं नाव व्रिलन, असं तो सांगतो. आकाशात जे दिवे तुम्हांला वर्षानुवर्षे दिसत आले ते आम्हीच, असंही सांगतो. मग मुख्य निरोप येतो. तुमची शस्त्रे नष्ट करा, वेळ थोडा उरला आहे, शांततेनं राहायला शिका. पुढे एक सावधगिरीची सूचना आहे, आणि ती ऐकून तुम्हांला हसू येईल: जगात खोटे गुरू फार झाले आहेत, ते तुमची शक्ती, म्हणजे तुम्ही जिला पैसा म्हणता ती, शोषून घेतील, त्यांना जपून असा! आकाशातून आलेल्या दूताला भोंदू बुवांचा हा प्रश्न इतका जवळचा वाटावा, याची नोंद आपण मनाशी करून ठेवू. ती पुढे उपयोगी पडेल.

हे सारं सुमारे सहा मिनिटे चाललं. सहा मिनिटे म्हणजे काही थोडाथोडका वेळ नव्हे. तेवढ्यात बातम्या संपल्या आणि मुलांचं व्यंगचित्र सुरू झालं. पडद्यावर चित्रांतले प्राणी धावताहेत, आपटताहेत, आणि मागून तो घोगरा, संथ आवाज मानवजातीला अखेरचा इशारा देतो आहे. मग शेवटी आशीर्वाद देऊन आवाज गेला आणि व्यंगचित्र संपायच्या आत त्याचा स्वतःचा आवाज परत आला. रात्री केंद्रानं प्रेक्षकांची क्षमा मागितली. काही प्रेक्षकांना ‘आवाजात व्यत्यय’ आला, अशा अर्थाचे मोजके शब्द होते. लंडनच्या बातम्यांतही त्या रात्री या प्रकाराचा उल्लेख झाला, आणि लवकरच जगभरच्या वर्तमानपत्रांत तो छापून आला.

ज्यानं हे केलं तो कधीच सापडला नाही.

घटना एवढीच आहे. आता तिची दंतकथा कशी झाली ते पाहू, कारण इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरा रस तिथं आहे. दंतकथा कोणा एकाने बसून रचलेली नसते. ती हातोहात वाढते. प्रत्येक सांगणारा चिमूटभर घालतो. चकव्याच्या गोष्टी आपण गावात ऐकतोच ना? पहिला सांगणारा म्हणतो, “अंधारात वाट चुकलो.” दुसरा म्हणतो, “रात्रभर त्याच आंब्याभोवती फिरत होता.” तिसऱ्याच्या तोंडी त्या आंब्याखाली कोणीतरी उभं असतं! इथंही तसंच झालं. आधी नावच पाहा. कुणी व्रिलन लिहिलं, कुणी गिलन. दलाचं नाव कुठं अश्तार, तर कुठं अ‍ॅस्टेरॉन. घोगऱ्या आवाजात एकदाच उच्चारलेलं नाव लोकांनी आपापल्या कानांनी ऐकलं, आणि जसं ऐकलं तसं छापलं. चार दिवसांत, ३० नोव्हेंबरला, लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये एका वाचकाचं पत्र आलं. ही लबाडीच होती अशी खात्री अधिकाऱ्यांना किंवा कोणालाही कशी देता येईल, असा त्याचा सवाल होता. अमेरिकेतल्या एका स्थानिक वर्तमानपत्रानंही अग्रलेखाच्या जागी सुचवलं की, हा पाहुणा खरा असेल असा विचार कोणीच केलेला दिसत नाही. हा विनोद होता की गंभीर विचार, याची भानगड पुढच्या सांगणाऱ्यांनी ठेवली नाही. काही वर्षांत गोष्ट अशी झाली की, इंग्लंडात परग्रहावरचा आवाज टेलिव्हिजनवर आला आणि त्याचा उलगडा आजपर्यंत कोणालाच करता आला नाही.

तुम्ही इथं क्षणभर थांबा. वरची दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. ‘कोणी केलं ते कळलं नाही’ हे एक वाक्य आणि ‘कसं झालं ते कळलं नाही’ हे दुसरं. पहिलं खरं आहे. दुसरं खोटं आहे. पण बोलता बोलता पहिल्याचं दुसरं कधी होतं ते आपल्याला समजतही नाही. साऱ्या दंतकथेची गोम या एका शब्दाच्या बदलात आहे.

मग ते झालं कसं? हे समजायला आपल्याला इंग्लंडातल्या एका टेकडीवर जावं लागेल. हँपशर परगण्याच्या उत्तर टोकाला, न्यूबरी आणि बेझिंगस्टोक या गावांच्या मध्ये, हॅनिंग्टन नावाचं खेडं आहे. त्याच्याजवळ कॉटिंग्टन टेकडीवर प्रक्षेपणाचा उंच मनोरा आहे. आपल्याकडे पुण्याच्या बाजूनं जाताना सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा दिसतो, तसाच समजा. असा मनोरा स्वतः काही कार्यक्रम करत नाही. कार्यक्रम दुसरीकडून येतो, मनोरा तो मोठा करून चहूकडे पसरतो. आता कार्यक्रम मनोऱ्यापर्यंत पोचवायचे मार्ग निरनिराळे असतात. त्या काळी बहुतेक मुख्य मनोऱ्यांना तो बंदोबस्ताच्या वाटेनं, तारेवरून वगैरे थेट पोचवला जाई. हॅनिंग्टनची गोष्ट वेगळी होती. दक्षिणेला समुद्रात वाइट नावाचं बेट आहे. तिथं रॉरिज इथं दुसरा मोठा मनोरा होता, हॅनिंग्टनपासून सुमारे ७० किलोमीटरवर. रॉरिजचा मनोरा हवेत जे प्रक्षेपण करी, तेच हॅनिंग्टनचं यंत्र आपल्या अँटेनानं पकडी, जसं तुमच्या-आमच्या घरचा टेलिव्हिजन पकडतो तसं, आणि मोठं करून पुढे सोडी.

ही व्यवस्था म्हणजे थेट आपली दवंडी. चावडीपुढे एक दवंडीवाला ओरडतो. त्याचा आवाज दूरच्या वाडीवर पोचत नाही, म्हणून ओढ्याच्या काठावर दुसरा उभा केला आहे. पहिल्याचे शब्द ऐकायचे आणि तेच वाडीला ओरडून सांगायचे, एवढंच त्याचं काम. आता एखादा खोडकर माणूस गुपचूप गेला आणि त्या दुसऱ्याच्या कानाशी उभा राहून भलतंच काही सांगू लागला, तर काय होईल? चावडीवरचा आवाज लांबून येतो आहे, क्षीण आहे. कानाशी लागलेल्याचा आवाज बारीक असला तरी जवळचा आहे. दुसरा दवंडीवाला ते भलतंच ऐकणार आणि आपल्या खणखणीत गळ्यानं साऱ्या वाडीला सांगणार! खोडकर माणसाला ओरडावंही लागत नाही. गळा दवंडीवाल्याचा, हलगी दवंडीवाल्याची, आणि वाडीचा विश्वासही दवंडीवाल्यावरचा.

हॅनिंग्टनला नेमकं हेच घडलं. ७० किलोमीटरवरून येणाऱ्या लहरी त्या टेकडीवर पोचेपर्यंत क्षीण झालेल्या असत. कोणीतरी एक लहानसं प्रक्षेपण यंत्र घेऊन त्या मनोऱ्याजवळ गेलं आणि रॉरिजच्याच लहरींवर बोललं. मनोऱ्याचं यंत्र बिचारं आंधळं. जे जोरदार वाटलं ते त्यानं पकडलं आणि उत्तर हँपशर व बर्कशरच्या घरांत नेऊन पोचवलं. सदर्न टेलिव्हिजनच्या प्रवक्त्यानं हेच सांगितलं होतं, की उत्तर हँपशरच्या रानात आमच्या मनोऱ्याच्या अगदी जवळ दुसरं यंत्र नेऊन एका लबाडानं हा उद्योग केला. प्रक्षेपणावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी मंडळानंही या कामाला बरंच तांत्रिक ज्ञान लागतं, असं मत दिलं.

“पण मग दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले का नाहीत? आणि चित्र शाबूत कसं राहिलं?” हा प्रश्न वर्गातला एखादा हुशार मुलगा विचारीलच, आणि त्यानं तो विचारावा. उत्तर तुमच्या घरातल्या रेडिओत आहे. रात्री मध्यम लहरींवर एखादं दूरचं केंद्र लावलं की मागे दुसऱ्या केंद्राचं गाणं किंवा भाषण पुटपुटत असतं. दोन्ही ऐकू येतात, एकमेकांत गुंतलेले. एफ. एम. वर तसं सहसा होत नाही. तिथं दोन केंद्रं एकाच जागी आली तर जे जोरदार असेल ते दुसऱ्याला गिळून टाकतं. हरलेल्याचा मागमूस राहत नाही. इंग्लंडच्या टेलिव्हिजनचा आवाज या एफ. एम. पद्धतीनं जात असे, आणि चित्र निराळ्या पद्धतीनं, शेजारच्या दुसऱ्या लहरीवर. लबाडानं फक्त आवाजाची लहर धरली. म्हणून आवाज सगळाच्या सगळा बदलला आणि चित्र थोडंसं थरथरून तसंच राहिलं. ज्या गोष्टीनं लोकांच्या अंगावर काटा आला, म्हणजे ओळखीच्या चित्रामागून परक्याचं बोलणं, ती मुद्दाम साधलेली जादू नसावी असं मला वाटतं. चित्रही बदलायचं तर कॅमेरा हवा, मोठी सामग्री हवी. ते त्याच्याजवळ नसावं. गरिबीतून भयानकता आली, इतकंच.

आता त्या आवाजाच्या बोलण्याकडे पुन्हा वळू. ‘अश्तार’ हे नाव १९७७ साली नवं नव्हतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात जॉर्ज व्हॅन टॅसल नावाचे एक गृहस्थ होते. १९५२ साली त्यांनी जाहीर केलं की, अश्तार नावाच्या परग्रहवासी सेनापतीचे निरोप आपल्याला येतात. त्यांच्या सभा भरत, पुस्तकं निघत, आणि पुढे इतरांनाही त्याच अश्तारचे निरोप येऊ लागले. निरोपाचा मजकूर साधारण ठरलेला असे: अणुशस्त्रं टाका, नवं युग येत आहे, तयार राहा. त्या दिवसांत हे भय खरंच होतं. अमेरिका आणि रशिया यांच्या कोठारांत जग भाजून काढायला पुरेल इतका दारूगोळा होता, आणि शहाण्यासुरत्या माणसाची झोप उडावी अशी परिस्थिती होती. तेव्हा हँपशरच्या आवाजानं सांगितलेलं भय मी हसण्यावारी नेत नाही. पण निरोपाची भाषा पंचवीस वर्षं पुस्तकांतून फिरलेली होती. खोट्या गुरूंची ती सूचना आठवा. या पंथांत बुवाबाजी किती चालते हे आतून पाहिलेल्या माणसाचं ते बोलणं वाटतं. दूर ताऱ्यावरच्या पाहुण्याला लंडनच्या दुकानात मिळणारी पुस्तकं वाचून यायची गरज काय?

तरीही तो सापडला का नाही, हा प्रश्न उरतो. त्यासाठी आपल्याच मुंबईकडे एकदा पाहू. १९४२च्या ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ चालवला. २७ ऑगस्टला तो ४२.३४ मीटरवर प्रथम ऐकू आला आणि १२ नोव्हेंबरला पोलिसांनी तो पकडला. तो मात्र दुसऱ्याच्या गळ्यातून बोलत नव्हता. आपलं नाव आणि लहर सांगून, ठिकाण तेवढं गुप्त ठेवून तो उघडपणे बोलत होता, आणि त्यामागे तुरुंगात जायची तयारी होती. त्याची आणि या लबाडीची बरोबरी करायचा माझा हेतू नाही. सांगायचं एवढंच की, गुप्त यंत्राचा माग काढायला ते पुन्हा पुन्हा बोलावं लागतं. रोज ठरल्या वेळी आवाज आला तर लहरींची दिशा पाहणाऱ्या गाड्या हळूहळू जवळ येतात. म्हणून तर उषाबेन आणि मंडळींना वारंवार जागा बदलावी लागे. हॅनिंग्टनचा आवाज एकदाच बोलला, सहा मिनिटे, शनिवारच्या काळोखात. कोणी गाडी काढून टेकडीकडे निघेपर्यंत तो माणूस आपलं यंत्र गुंडाळून घरी चहा पीत बसला असेल.

पुढे अमेरिकेत असे दोन प्रकार झाले आणि त्यांची तुलना मोठी उद्बोधक आहे. २७ एप्रिल १९८६ रोजी ‘होम बॉक्स ऑफिस’ या उपग्रहावरून चालणाऱ्या वाहिनीवर मध्यरात्री चित्रपट चालू असताना अचानक ‘कॅप्टन मिडनाइट’ या नावाची लेखी तक्रार झळकली. वाहिनीनं जास्त पैसे लावले म्हणून तो निषेध होता. तपास झाला, फ्लोरिडातल्या एका उपग्रह-केंद्रावर काम करणारा माणूस सापडला, त्यानं कबुली दिली, त्याला ५००० डॉलर दंड झाला. मामला संपला. आज त्या गोष्टीनं कोणाच्या अंगावर काटा येत नाही.

दुसरा प्रकार शिकागो शहरातला, २२ नोव्हेंबर १९८७च्या रात्रीचा. नऊ वाजून चौदा मिनिटांनी एका केंद्राच्या खेळांच्या बातम्यांत पडदा काळा पडला आणि टेलिव्हिजनवरच्याच एका गमत्या पात्राचा मुखवटा घातलेला माणूस दिसला. पाठीमागे पन्हळी पत्रा हलत होता, आवाजाच्या जागी नुसता गुंजारव. अभियंत्यांनी झटकन लहर बदलली आणि अर्ध्या मिनिटाच्या आत तो गेला. निवेदक परत आले ते हसतच. तुम्हांला काय झालं असा प्रश्न पडला असेल तर मलाही तोच पडला आहे, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाले. दोन तासांनी तोच मुखवटा दुसऱ्या केंद्रावर उगवला आणि तिथं दीड मिनिट असंबद्ध बडबडत राहिला, कारण त्या केंद्राचं प्रक्षेपण यंत्र एका गगनचुंबी इमारतीच्या माथ्यावर होतं आणि त्या वेळी तिथं कोणी माणूस हजर नव्हता. तत्त्व तेच, दवंडीवाल्याच्या कानाशी लागण्याचं. फक्त कान या वेळी टेकडीवर नसून इमारतीवर होता. केंद्र सरकारच्या आयोगानं चौकशी केली. कोणी सापडलं नाही. आणि म्हणून शिकागोचा मुखवटा आजही भुताच्या गोष्टीसारखा सांगितला जातो.

पाहा, तिन्ही ठिकाणी युक्ती एकाच जातीची आहे. जिथं माणूस सापडला तिथं बातमी झाली आणि विरली. जिथं सापडला नाही तिथं दंतकथा झाली.

हॅनिंग्टनच्या बाबतीत मला केंद्राचाही थोडा दोष वाटतो. ‘आवाजात व्यत्यय’ एवढं म्हणून त्यांनी प्रेक्षकांची बोळवण केली. घरातली पोरं घाबरलेली, म्हातारी माणसं देवाचं नाव घेत बसलेली असतील, अशा वेळी पडद्यावर येऊन कोणी अभियंत्यानं फळ्यावर दोन मनोरे काढून दाखवले असते, तर पाच मिनिटांचं काम होतं. उलगडा वर्तमानपत्रांत आला हे खरं, पण जिथं भय शिरलं त्याच खिडकीतून तो यायला हवा होता. आम्हा मास्तर लोकांना हे अनुभवानं ठाऊक आहे: वर्गात उठलेल्या शंकेचं उत्तर वर्गातच द्यावं लागतं, सूचनाफलकावर लावून भागत नाही.

तुमच्यापैकी जे शिक्षक असतील त्यांना ही हकीगत वर्गात करून पाहण्यासारखी आहे. पटांगणाच्या एका टोकाला एक मुलगा वाचायला उभा करा, मध्यावर दुसरा, दूरच्या टोकाला बाकीचा वर्ग. मग मधल्याच्या कानाशी तिसऱ्याला सोडा. दूरची मुलं काय ऐकतात ते पाटीवर लिहून घ्या आणि मग पहिल्याजवळचा कागद वाचून दाखवा. आजकाल कुणाच्याही मोबाईलवर कुठून तरी आलेला आवाज येऊन पडतो, कधी पुढाऱ्याच्या नावानं, कधी डॉक्टरच्या नावानं, आणि तो खराच मानून पुढे धाडला जातो. मुलांना मधल्या मुलाच्या जागी आपण स्वतः उभे आहोत असं एकदा वाटलं, तर त्यांचे प्रश्न आपोआप सुरू होतील.

सदर्न टेलिव्हिजनचा परवाना पुढे नूतनीकरण झाला नाही; १९८१च्या अखेरीस ते केंद्र बंद झालं आणि त्याच्या जागी दुसरी कंपनी आली. २०१२ साली त्या भागातलं जुन्या पद्धतीचं टेलिव्हिजन प्रक्षेपणही थांबलं. आता तिथं सारं आकड्यांच्या भाषेत जातं. तसल्या लहरीत कोणी परक्यानं ढवळाढवळ केली तर चित्राचे चौकोनी तुकडे होतात, आवाज तुटतो, पडदा गोठतो. ओळखीच्या चित्रामागून अनोळखी माणूस शांतपणे सहा मिनिटे बोलत राहील, असं त्या वाटेनं आता घडायचं नाही. हॅनिंग्टनच्या टेकडीवर मनोरा उभा आहे. त्या शनिवारी त्याच्या आसपासच्या रानात यंत्र घेऊन बसलेला माणूस तेव्हा तरुण असेल, तर आज सत्तरी-ऐंशीचा असायचा.